गिरणेच्या पलीकडच्या काठाने

मुलाशी खोटं बोलायची वेळ सुनंदाबाईंनी आजवर फारशी येऊ दिली नव्हती. पण जानेवारीतल्या त्या शनिवारी संध्याकाळी कुंदनने फोनवर विचारलं, "आई, उद्या काय?" तेव्हा त्या अगदी सहज म्हणाल्या, "उद्या काही नाही रे. वाल सोलायचेत." फोन ठेवला आणि कपाटातून नवे बूट काढून त्यांची नाडी सैल करायला बसल्या.

कुंदन आणि सून दीपमाला पुण्याला असत. सुनंदाबाईंचा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, चाला. कुंदनने त्याचा अर्थ लावला होता, कॉलनीतल्या बागेत सकाळी दोन फेऱ्या, त्याही कुणाला तरी सोबत घेऊन. सुनंदाबाईंना त्या बागेचा कंटाळा आला होता. तेच बाक, तीच माणसं, तेच रक्तदाबाचे आकडे. मग शेजारच्या रूपालीने त्यांना एका रविवारी बरोबर नेलं. रूपाली शिवणक्लास चालवायची आणि तिने हौसेने एक गट जमवला होता. सकाळी जळगावहून पॅसेंजर धरायची, कुठल्या तरी लहान स्टेशनवर उतरायचं, शेतातल्या, नदीकाठच्या वाटेने दिवसभर चालायचं आणि पुढच्या स्टेशनवरून संध्याकाळी घरी परतायचं. सुनंदाबाई एकदा शिरसोलीला आणि एकदा बोदवडकडे जाऊन आल्या होत्या. गुडघा कुरकुरला, पण बागेत कुरकुरायचा त्याहून कमीच. मुलांना मात्र त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

"त्याचा फोन आला तर मी काय सांगू?" नवरा तोताराम यांनी विचारलं.

"झोपलीय म्हणून सांगा."

"दिवसभर?"

"मग देवळात गेलीय म्हणा. तुम्हाला एवढंही जमत नाही का?"

त्या रविवारी माहेजीला उतरून गिरणेच्या काठाकाठाने म्हसावदपर्यंत जायचं ठरलं होतं. रूपालीने आणखी एक बेत केला होता. धुळ्यातही असाच एक गट होता, तो चाळीसगावमार्गे माहेजीला येणार आणि दोन्ही गट मिळून चालणार. जळगावची मंडळी आधी पोचली. प्लॅटफॉर्मवर ऊन नुकतं पसरत होतं. रुळांपलीकडच्या शेतात दादर ज्वारी छातीएवढी उभी होती. थोड्या वेळाने चाळीसगावकडची गाडी आली आणि धुळ्याची माणसं उतरू लागली. सगळ्यांत शेवटी, दांड्याला घट्ट धरून एकेक पाय खाली टाकत, लुगड्याचा काठ खोचलेली, डोक्याला मफलर आणि पायात बहुतेक मुलाचे असावेत असे थोराड बूट घातलेली एक बाई उतरली.

सुनंदाबाईंनी हातातला चहा बाकावर ठेवला. त्या भिकुबाई होत्या. दीपमालाची आई. त्यांची विहीण.

दोन वर्षांपूर्वी धुळ्याला लग्न लागलं, त्या दिवसापासून या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. वऱ्हाड उशिरा पोचलं होतं. मांडवाच्या दारातच भिकुबाई चार माणसांत म्हणाल्या होत्या, "जळगाववालासना घरमा घड्याळ नही का?" त्यावर सुनंदाबाईंनी तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं, "घड्याळ आहे, धुळ्याला यायला रस्ता नाही." एवढंच. पण तेवढं दोघींनाही पुरलं. त्यानंतर दिवाळी, संक्रांत, नात्यातलं बारसं, काही असलं तरी निरोप दीपमालामार्फत जायचे आणि दीपमाला ते दोन्हीकडे साखर घालून पोचवायची.

रूपालीला यातलं काही माहीत नव्हतं. ती उत्साहाने पुढे झाली. "सुनंदाताई, या धुळ्याच्या भिकुअक्का. त्यांच्या गटात यांच्याएवढं कोणी चालत नाही म्हणे."

भिकुबाई सुनंदाबाईंकडे न बघता रूपालीला म्हणाल्या, "वळखस मी. आमनी याहीण शे ती."

"अगंबाई, विहिणी का? मग तर फारच छान," रूपाली म्हणाली आणि सगळ्यांना पाणी भरून घ्यायला सांगत निघून गेली.

चालायला सुरुवात झाली. कापसाची शेवटची वेचणी चाललेली शेतं, मग हरभरा, मग केळीच्या बागा, आणि त्यांच्या मधून जाणारी बैलगाडीची वाट. सुनंदाबाईंनी आधी ठरवलं की आपण मागे राहायचं. मग भिकुबाई सगळ्यांच्या पुढे चालताना दिसल्या. 'यांच्याएवढं कोणी चालत नाही म्हणे' हे वाक्य सुनंदाबाईंच्या कानात बसलं होतं. त्यांनी पाय उचलला. थोड्या वेळाने त्या भिकुबाईंच्या बरोबरीला आल्या. भिकुबाईंनी तिरप्या नजरेने पाहिलं आणि त्यांनीही पाय उचलला. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. केळीची बाग संपली, वाट उतरणीला लागली, समोर गिरणेचं रुंद वाळूचं पात्र दिसू लागलं. मागून येणाऱ्यांचे आवाज हळूहळू विरत गेले, पण मागे वळून बघणं म्हणजे दमल्याची कबुली, असं दोघींनाही वाटत असावं.

नदीपाशी वाटेला दोन फाटे होते. एक काठाने पुढे जात होता, दुसरा वाळूत उतरून पलीकडे. पलीकडे जाणारी वाट जास्त मळलेली होती. भिकुबाई तिकडे वळल्या म्हणून सुनंदाबाईही वळल्या. मधल्या धारेत घोट्याएवढं पाणी होतं, स्वच्छ, तळाचे गोटे दिसतील असं. दोघींनी बूट हातात घेतले, पाणी ओलांडलं, पलीकडच्या काठावर बाभळीच्या सावलीत एकमेकींपासून बेताच्या अंतरावर बसल्या आणि बूट घालत मागच्या मंडळींची वाट बघू लागल्या.

मंडळी आली, पण समोरच्या काठावर. ती काठाकाठाने सरळ पुढे चालली होती. रांगेच्या शेवटी रूपाली थांबली, डोळ्यांवर हात धरून तिने इकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागली.

"चुकनूत आपण," भिकुबाई म्हणाल्या. हे त्यांचं सुनंदाबाईंना उद्देशून दोन वर्षांतलं पहिलं वाक्य. तेही त्यांनी बाभळीकडे बघून म्हटलं.

दोघी उठल्या आणि परत वाळूत उतरल्या. धारेपाशी आल्या तर मघाचं पाणी राहिलं नव्हतं. रंग गढूळ झाला होता. वर वाळका पाला आणि फेस वाहत होता, आणि मघाशी जिथे त्यांची पावलं उमटली होती ती वाळू पाण्याखाली गेली होती.

"इतलं पानी कथाईन उनं?" भिकुबाई पुटपुटल्या. त्यांनी वाळूत पडलेली काठी उचलून पाण्याचा अंदाज घेतला, लुगडं वर खोचलं आणि बुटांसकट पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. पाणी गुडघ्याशी आलं. तिसऱ्या पावलाला खालची वाळू सरकली, काठी हातातून सुटून वाहत गेली आणि भिकुबाई एका कुशीवर कलल्या.

सुनंदाबाईंना नंतर कितीदा विचारलं तरी मधलं काही आठवलं नाही. गुडघा आठवला नाही, विहीण आठवली नाही. त्या पाण्यात उतरल्या, डावा हात भिकुबाईंच्या दंडात घातला आणि घसा फोडून ओरडल्या, "मांगे सरका, मांगे! पाय टेकू नका तठे, रेती सरकी ऱ्हायनी! मन्हा हात धरा!"

भिकुबाईंनी हात धरला. दोघी मागे सरकत सरकत काठाशी आल्या आणि ओल्या वाळूत बसकण मारून पडल्या. भिकुबाईंचा एक थोराड बूट पाण्यात गेला होता. तो लांबवर तरंगत वळणाआड जाताना दोघींना दिसला.

"तुम्ही अहिरानी बोलतस?" भिकुबाईंनी विचारलं.

सुनंदाबाई स्वतःच चकित झाल्या होत्या. अमळनेरजवळच्या माहेरी त्या हीच भाषा बोलत मोठ्या झाल्या. जळगावला नवऱ्याच्या ऑफिसातल्या बायकांमध्ये वावरताना ती कधी मागे पडली, त्यांना कळलंही नव्हतं. "माहेर अमळनेरकडचं आहे," त्या म्हणाल्या, आणि मग बुटातली वाळू झटकत, "माय याच भाषेत रागवायची."

"तुम्ही बी तश्याच रागवन्यात माले," भिकुबाई म्हणाल्या आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांना खोकला आला. सुनंदाबाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

तेवढ्यात सुनंदाबाईंचा फोन वाजला. रूपाली होती, आवाज रडवेला. "ताई, पाण्यात उतरू नका. धरणातून खालच्या गावांसाठी पाणी सोडलंय. गावात सगळ्यांना माहीत होतं, मलाच कुणी सांगितलं नाही. आता ते चढतच जाणार."

"आम्ही उतरलो आणि वर पण आलो," सुनंदाबाई म्हणाल्या. "आता पुढे काय ते सांग."

पुढे म्हसावदच्या अलीकडे एरंडोल रस्त्याचा पूल होता. तिथपर्यंत पलीकडच्या काठाने चालत जायचं, पूल ओलांडायचा आणि सगळ्यांना स्टेशनवर भेटायचं, असं ठरलं. रूपाली म्हणाली, गावातून मोटरसायकल पाठवते. सुनंदाबाईंनी भिकुबाईंकडे पाहिलं. भिकुबाईंनी मान हलवली. "चालत येतो आम्ही," सुनंदाबाई फोनवर म्हणाल्या.

बुटाचा प्रश्न होता. सुनंदाबाईंच्या पिशवीत घरच्या सपाता होत्या, नवे बूट चावले तर असाव्यात म्हणून. भिकुबाईंनी त्यातली एकच घेतली. दुसऱ्या पायातला बूट काढायला त्या तयार होईनात. म्हणाल्या, "चांगला शे, वाया कसाले घालावू?" मग एका पायात बूट, एका पायात निळी सपात अशा त्या निघाल्या. समोरच्या काठावर बाकीची मंडळी त्यांच्याच चालीने चालत होती. मध्ये पाणी, आणि दोन्हीकडे माणसं. झाडी आली की ती दिसेनाशी व्हायची, झाडी संपली की पुन्हा दिसायची, आणि दर वेळी रूपाली हात हलवायची. भिकुबाई दर वेळी उत्तरादाखल मफलर फिरवायच्या.

वाटेत भिकुबाईंचा फोन वाजला. पडद्यावर दीपमाला, तीही व्हिडिओ कॉलवर. भिकुबाईंनी घाईघाईने मफलर डोक्यावरून ओढून घेतला, फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ धरला आणि म्हणाल्या, "मी मंदिरमा शे. भजन चालू शे, मांगून बोलसू."

"माय, मंदिरात केळी कुठून आल्या?" दीपमालाचा आवाज आला.

"परसादन्या," भिकुबाई म्हणाल्या आणि फोन बंद केला.

सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हीही सांगितलं नाही?"

"पोरगी म्हनस, माय, घर सोडू नको, ठेच लागी. मी काय दुभती म्हैस शे, खुटाले बांधाले?"

"मी वाल सोलतेय," सुनंदाबाई म्हणाल्या. "सकाळपासून."

यावर भिकुबाई वाटेतच थांबल्या. इतकं हसल्या की त्यांना केळीच्या खांबाचा आधार घ्यावा लागला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा एका मळ्यातून धुराचा वास आला. वांगी भाजल्याचा तो वास खानदेशातल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. बांधावर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी एका पायात बूट आणि एका पायात सपात पाहिली, भिजलेली लुगडी पाहिली, आणि काही विचारण्याआधीच म्हणाले, "आधी बसा." त्यांचं नाव लोटनभाऊ. रविवार म्हणून घरची सगळी मंडळी मळ्यात भरीत खायला जमली होती. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी, हातभर लांब वांगी भाजली जात होती. त्यांची सून डिंपल लाकडी काठवटीत मिरच्या, लसूण आणि वांगी ठेचत होती. दोघींना चुलीजवळ बसवून तिने अंगावर घ्यायला गोधडी दिली आणि समोर केळीच्या पानावर भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात वाढली.

मग भिकुबाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "लगीनना दिन वरन-बट्टी गरम गरम ठेयेल व्हती. तूप बी घरनं. मी सोता रांधेल. तुम्ही उनात तवय ती गार व्हयनी, आनि तुम्ही ताटमा बोट बी लावं नही. माले वाटनं, आमनं खानं तुमले आवडनं नही."

सुनंदाबाईंनी घास खाली ठेवला. "अक्का, आमची बस पारोळ्याजवळ बंद पडली होती. भर उन्हात आम्ही सगळ्या बायका रस्त्याच्या कडेला बसलो होतो. माझं डोकं असं दुखत होतं की पाणीसुद्धा पोटात राहत नव्हतं. आणि दारात पाऊल टाकलं तर तुम्ही घड्याळ काढलंत."

"कोनी सांगंच नही माले," भिकुबाई म्हणाल्या.

"मलाही कुणी बट्टीचं सांगितलं नाही."

भिकुबाईंनी डिंपलला हाक मारली. "बेटा, आमनी याहीणले आखो वाढ. तिखं घाल, तिले चालस."

तिखट सुनंदाबाईंना अजिबात चालत नसे. पण त्यांनी पान पुढे केलं, खाल्लं, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग डिंपलने पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून दिला.

निघण्याआधी डिंपलने दोघींचा फोटो काढला. गोधडी पांघरलेल्या, पानावर ओणवलेल्या, सुनंदाबाईंचं नाक लाल झालेलं आणि भिकुबाई तोंड उघडून हसताहेत. तो फोटो तिने भिकुबाईंच्या मोबाइलवर पाठवला. भिकुबाई म्हणाल्या, रूपालीला धाडू या, म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल. त्यांनी चष्मा लावला, बोटाने शोधलं आणि पाठवून दिला. दोघी लोटनभाऊंचा निरोप घेऊन बांधावर आल्या, तोच एकदम दोन्ही फोन वाजायला लागले.

"पाहा बरं, कुठे पाठवला," सुनंदाबाई म्हणाल्या.

भिकुबाईंनी फोन लांब धरून वाचलं. फोटो दोन्ही घरांच्या सामाईक ग्रुपवर गेला होता. लग्नात पत्त्यांसाठी काढलेला तो ग्रुप, ज्यात दोन वर्षांत या दोघींनी एक शब्द टाकला नव्हता.

"मरनूत," भिकुबाई शांतपणे म्हणाल्या. "आते बठ्ठासले समजनं."

सुनंदाबाईंनी फोन उचलला. पलीकडे कुंदन आणि त्याच्या खांद्यामागे दीपमाला. सुनंदाबाईंनी तयारी केली होती, गुडघा, नदी, वय, सगळ्याची उत्तरं मनात जुळवून ठेवली होती. पण कुंदनने त्यातलं काहीच विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "आई, तुम्ही दोघी? एकत्र?"

"हो. गिरणेच्या काठावर आहोत. पुलाकडे चाललोय."

"एकमेकींशी बोलताय?"

"मग काय मुक्याने भरीत खाऊ?"

दीपमालाने फोन त्याच्या हातातून घेतला. तिला हसायला येत होतं आणि रडूही. "आई, माय खरंच चालतेय का? तिचे पाय कसे आहेत?"

"तुझी माय माझ्यापुढे आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "पाय मात्र दोन तऱ्हांचे आहेत, ते तीच सांगेल." आणि फोन ठेवला, कारण भिकुबाई खरंच पुढे निघून गेल्या होत्या.

पूल आला तेव्हा उन्हं कलली होती. दोघी मधोमध थांबल्या. खाली गिरणा भरून वाहत होती. रुंद पात्रात पाण्याचा तो तांबूस पट्टा आता चांगलाच फुगला होता आणि काठावरची बगळ्यांची रांग मागे मागे सरकत होती. कुठल्या तरी खालच्या गावात उद्या नळाला पाणी येणार होतं. भिकुबाईंनी कठड्यावर हात ठेवून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, त्यांच्याकडे तापी आणि पांझरा जिथे मिळतात तिथेही असंच रुंद पाणी आहे. नरडाण्याला गाडी थांबते, तिथून जायचं. वाट सपाट आहे, गुडघ्याला काही होणार नाही.

स्टेशनवर रूपाली धावत आली आणि दोघींच्या गळ्यात पडली. ती इतकी माफी मागायला लागली की भिकुबाईंनी तिला उरलेलं भरीत आणि भाकरी देऊन गप्प केलं. डिंपलने बांधून दिलेलं ते गाठोडं सगळ्या मंडळींत फिरलं आणि बघता बघता संपलं.

धुळ्याच्या लोकांची गाडी आधी आली. भिकुबाई दारात चढल्या, आत जाऊन खिडकीशी बसल्या आणि गजांतून हात बाहेर काढला. "पुढला रविवारले नही, त्यान्हा पुढला. तुम्ही येशात ना?"

"सकाळी जळगावहून नरडाण्याला पोचायचं म्हणजे फार लवकर निघावं लागेल," सुनंदाबाई म्हणाल्या.

"मंग आदला दिन मुक्कामले या. घर तुमनंच शे. याहीले बी संगे लई या."

लग्नानंतर त्या घराची पायरी सुनंदाबाई चढल्या नव्हत्या. त्यांनी गजांतला हात दोन्ही हातांत धरला. "येसू," त्या म्हणाल्या. "बट्टी करा. मी सगळी खाईन."

गाडी हलली. भिकुबाई हात हलवत राहिल्या आणि सुनंदाबाई प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेल्या. मग रूपालीजवळ येऊन बाकावर बसल्या, बूट काढले आणि तोताराम यांना फोन लावला.

"कुंदनचा फोन आला होता," तोताराम घाबरत म्हणाले. "मी देवळात गेलीय असं सांगितलं, तर तो नुसता हसत सुटला."

"असू द्या. महिनाअखेरीच्या शनिवारी काही ठरवू नका," सुनंदाबाई म्हणाल्या. "आपल्याला धुळ्याला जायचंय. आणि तुमच्यासाठी चालायचे बूट बघायला हवेत."